चिमणीचं घर मेणाचं

कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं घर मेणाचं ही गोष्ट ऐकताना लहानपणी मला एकच शंका यायची. एवढं मेण चिमणीनं आणलं कुठून? शेणाचा प्रश्न नव्हता, आमच्या गल्लीत ते हवं तेवढं होतं. मेणाला मात्र पैसे पडतात. आणि इतकी ऐपत असलेली चिमणी भिजून आलेल्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते, आधी बाळाला अंघोळ, मग पावडर, मग तीट, हे मला तेव्हाही खटकायचं.

शंकेचं उत्तर मिळायला पन्नाशी उलटावी लागली. मेणबत्त्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मेण लाद्यांनी मिळतं. मी किलोभर घेतलं. दुकानदारानं विचारलं, "मेणबत्त्या करताय?" मी म्हटलं, "नाही, बाटिक." त्यानं मान हलवली. वर्षातून अशा चार-दोन बायका येत असाव्यात आणि पुन्हा फिरकत नसाव्यात, असं त्या मानेत होतं.

याचं मूळ आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदात आहे. 'बाटिक शिका, पाच रविवार.' खाली सोबत आणायच्या सामानाची यादी: जुनी सुती साडी, जुनं पातेलं, जुना टॉवेल, जुना ब्रश, जुनी वर्तमानपत्रं, अंगात जुने कपडे. नवऱ्यानं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "मलाही घेऊन जा, बसतोय मी यादीत." यादीत शेवटी लिहिलं होतं, 'चांटिंग (असल्यास)'. मला वाटलं, हल्ली सगळीकडे असतं तसं सुरुवातीला पाच मिनिटं नामस्मरण असेल. मी पर्समध्ये जपमाळ टाकली.

चांटिंग म्हणजे तांब्याची एवढीशी वाटी, तिला पुढे बारीक वाकडी नळी आणि मागे लाकडी दांडा. जावा बेटावरच्या बायका वाटीत पातळ मेण घेतात आणि नळीनं कापडावर चक्क लिहितात. तिथे हातानं काढलेल्या बाटिकला 'बाटिक तुलिस' म्हणतात आणि तुलिस म्हणजे लिहिणं. नळीत मेण थिजलं की त्या फुंकर घालतात आणि पुढे लिहू लागतात. आमच्या क्लासात अशी एकच चांटिंग होती, बाईंची. ती हातात घेऊन मी कापडाकडे नेईपर्यंत वाटेत सात थेंब पडले: दोन टेबलावर, चार चपलेवर आणि एक शेजारच्या काकांच्या मनगटावर. बाईंनी चांटिंग काढून घेतली आणि ब्रश दिला. एकदा मेणात बुडालेला ब्रश पुन्हा दुसऱ्या कशाला उपयोगी पडत नाही, म्हणून तो जुना आणायला सांगितला होता.

मनगट भाजलेले ते काका निवृत्त इंजिनीअर. येताना ते थर्मामीटर घेऊन आले होते. मधमाशांचं मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं, हे त्यांनी ते वितळण्याआधीच आम्हाला सांगून टाकलं.

पहिल्या रविवारी कापड नव्हतं, कागद होता. बाईंनी प्रत्येकाला जाड कागद आणि पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दिला. मेणबत्तीनं चित्र काढायचं आणि वरून पाण्याचे रंग फिरवायचे. मेण असेल तिथे रंग बसत नाही, घरंगळून बाजूला होतो, चित्र पांढरं उमटतं. शाळेत आम्ही ह्याच पद्धतीनं गुप्त चिठ्ठ्या लिहायचो. त्यातलं गुपित बहुतेक वेळा 'तू गाढव आहेस' एवढंच असायचं, पण ते शाई फासल्यावर कळायचं, हे महत्त्वाचं. आम्हाला हे पोरखेळ वाटतंय असं दिसल्यावर बाई म्हणाल्या की दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा माणसं भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपायची, आणि हेन्री मूर या शिल्पकारानं 1940-41मध्ये त्यांची जी चित्रं काढली, त्यांत त्यानं हेच केलं: मेणाचा खडू आणि वरून पाण्याचा रंग. आम्ही सगळे एकदम ताठ बसलो.

पण पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीनं काढताना आपण काय काढतोय हे दिसत नाही. हेन्री मूरला ते दिसत असावं. मी चिमणी काढली होती. गणपती आणि डोक्यावर घडे घेतलेली राजस्थानी बाई सोडून काहीही काढा, अशी बाईंची अट होती, आणि किलोभर मेण घेतल्यापासून माझ्या डोक्यात चिमणीच होती. निळा रंग फिरवला तेव्हा ती उमटली. डोळा चोचीच्या पुढे, हवेत होता. काकांनी पट्टीनं नऊ समांतर रेघा मारल्या होत्या आणि त्या समांतरच आल्या.

मग कागदावरचं मेण काढायचं. खाली-वर वर्तमानपत्र ठेवून गरम इस्त्री फिरवायची, कागद मेण पिऊन घेतो. वर्तमानपत्र जुनं आणायचं का सांगितलं होतं, ते आता कळलं. मी त्याच सकाळचं नेलं होतं. ताजी शाई मेणाबरोबर सुटली आणि माझ्या चिमणीच्या पोटावर उलट्या अक्षरांत 'पाणीकपात' असं छापलं गेलं. क्लासातल्या एकीला ते फार आवडलं. त्यातलं पर्यावरणाचं भाष्य तिला पोचलं, म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली.

घरी येऊन मी उरलेले दोन कागद त्याच पद्धतीनं इस्त्री केले. दुसऱ्या दिवशी नवरा मीटिंगला जाताना म्हणाला, "शर्टाला पाठीवर काहीतरी झालंय." झालं काही नव्हतं. भजी ठेवलेल्या कागदाला जसा डाग पडून पलीकडचं दिसायला लागतं, तसं शर्टातून बनियनचं लेबल दिसत होतं, एवढंच.

दुसऱ्या रविवारपासून कापड. आणि कापडावर आल्यावर ह्या कलेचा खरा उलटेपणा लक्षात येतो. चित्रकार हवा तिथे रंग लावतो. बाटिकवाला नको तिथे मेण लावत बसतो. समजा चिमणी पांढरी, पिवळी आणि तपकिरी हवी आहे. तर आधी पांढरं राहायचं ते मेणानं झाकायचं आणि अख्खं कापड पिवळ्यात बुडवायचं. वाळलं की पिवळं राहायचं ते झाकायचं आणि अख्खं कापड पुन्हा तपकिरीत. फिक्यापासून गडदाकडे, उलटं चालत नाही. मी हे घरी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रंग नको तिथंच सगळा वेळ जातो?" मी हो म्हटलं. "मग रंगवायचंच कशाला?" त्यांनी गवार निवडायला घेतली.

मेण नुसतं पॅराफिनचं चालत नाही. पॅराफिन ठिसूळ, पटकन तडकतं. मधमाशांचं मेण चिवट असतं, ते सांभाळून घेतं. म्हणून दोन्ही मिसळायचं. आमच्या घरात पॅराफिन कोण, यावर एकमत झालेलं नाही.

मेण तापवण्यात मात्र सगळी विद्या आहे. क्लासात पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून तापवत. मेणातून धूर निघाला तर ते फार तापलं, लगेच गॅस बंद. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, वर झाकण घालायचं. पाण्यानं भडका उडतो. उलट मेण कोमट राहिलं तर ते कापडात मुरत नाही, वर नुसतं पांढरं बसून राहतं. बरोबर तापलेलं मेण लावलं की कापड तिथे पारदर्शक दिसतं, पुन्हा भज्यांचा कागद. बाई म्हणायच्या, मागून बघा, मागूनही तसंच दिसलं पाहिजे. पांढरं दिसलं की समजा, रंग खालून शिरणार.

घरी डबा-पातेलं कोण करत बसतो, म्हणून मी मेण सरळ फोडणीच्या कढल्यात घेतलं. चुकलंच. कढलं लोखंडी, पटकन तापलं, धूर झाला. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "मोहरी करपली गं!" मी म्हटलं, "मोहरी नाही, मेण आहे." नंतर जी शांतता पसरली, तिचं वर्णन मला करता येणार नाही. ते कढलं त्यांच्या आईचं होतं. चार वेळा घासून, उकळून, पुन्हा घासून ते परत वापरात आणलं. तरी त्या रात्रीच्या आमटीवर साय आली होती.

त्या धुराची मी इतकी धास्ती घेतली की त्यानंतर मेण कोमटच लावू लागले. माझ्या चिमणीच्या अंगावर मेण दुधासारखं पांढरं शुभ्र दिसत होतं. मला वाटलं, काय ठसठशीत बसलंय!

रंग मात्र मजेदार. पाणी गरम चालत नाही, मेण वितळेल. म्हणून थंड पाण्यात चढणारे रंग लागतात. आमच्या बाई नॅफ्थॉल वापरायच्या. त्याला दोन बादल्या. पहिलीत कापड बुडवलं तर काहीच होत नाही, किंचित पिवळट झाक येते, माणूस निराश होतो. निथळून दुसऱ्या, सॉल्टच्या बादलीत टाकलं की क्षणात रंग उसळून येतो. ज्यांनी चुना मिसळल्यावर हळद लाल होताना पाहिलीय, त्यांना हा धक्का ओळखीचा वाटेल. हातमोजे घातले नाहीत तर तो धक्का आठवडाभर बोटांवर राहतो. मी भाजी घ्यायला गेले तर भाजीवाल्यानं सुटे पैसे माझ्या हातावर न देता टोपलीत ठेवले.

आता तडे. कापड चुरगाळलं की मेणाला भेगा पडतात, त्यांत रंग शिरतो आणि सगळ्या चित्रावर बारीक शिरांचं जाळं उमटतं. बाटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते हेच जाळं. आमच्या क्लासचा तर हा मुख्य मंत्र होता. रेघ चुकली, तडे काढा. थेंब पडला, तडे काढा. "तडे ही बाटिकची सही आहे," बाई म्हणायच्या, आणि त्या एका वाक्यावर अकरा जणांचा क्लास पाच रविवार तरला. चांगले, टणक तडे हवे असतील तर मेण लावलेलं कापड फ्रीजरमध्ये ठेवा, गारठलं की कुरकुरीत फुटतं, हेही त्यांनीच सांगितलं.

मी ठेवलं. मटार आणि खवलेलं खोबरं यांच्या मधे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि वाण्याकडे गेले. तिथे फोन आला.

"अगं, फ्रीजरमध्ये चिमणी आहे."

"हो आई, मीच ठेवलीय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. सासूबाई कट्टर शाकाहारी. मग हळूच, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "मेलेली आहे का?"

संध्याकाळी मी चिमणी बाहेर काढली, मनसोक्त चुरगाळली आणि शेवटच्या, गडद तपकिरी रंगात टाकली. वाळवली, इस्त्री केली. कोमट मेणाखालून रंग जिथून शिरता येईल तिथून शिरला होता. पांढरं पोट नाही, पिवळी चोच नाही. पंखांपासून शेपटीपर्यंत एकच काळपट तपकिरी पक्षी आणि त्यावर तड्यांचं जाळं. पराचा कावळा करतात हे ऐकलं होतं, चिमणीचा झालेला घरात पहिल्यांदाच पाहिला. सासूबाई चष्मा पुसून बघत म्हणाल्या, "म्हणजे शेवटी मेणाचं घर कावळ्याला मिळालं."

तरी मी तड्यांवर भिस्त ठेवून होते. ती भिस्त चौथ्या रविवारी काकांनी मोडली. त्यांची मुलगी सिंगापूरला असते, ती जावातल्या योग्याकार्ताला फिरायला गेली होती आणि तिथून हातानं केलेलं एक बाटिक घेऊन आली. काकांनी ते टेबलावर पसरलं. तपकिरी, निळं आणि सायीसारखं पांढरं. केसाएवढ्या रेघा, रेघांच्या मधे ठिपके, ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके. उलटं केलं तरी तेच, कारण मेण दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. आम्ही अकरा जण त्यावर वाकलो आणि तडे शोधू लागलो. एक नव्हता. काका थर्मामीटर काढण्याच्या बेतात होते.

बाई गप्प होत्या. मग त्यांनीच सांगितलं. जावात उत्तम हातकामात तडा हा दोष समजतात. एकेका कापडाला आठवडेच्या आठवडे, कधी महिने लागतात, ते काय तडकवायला? एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधल्या गिरण्यांनी बाटिकची यंत्रावर नक्कल करून ती जावाच्याच बाजारात नेली. त्यांच्या कापडावर मेणाच्या जागी लावलेली राळ तडकायची, शिरा उमटायच्या. जावातल्या गिऱ्हाइकांनी नाक मुरडलं. पश्चिम आफ्रिकेत मात्र तेच तडकलेलं कापड लोकांना इतकं आवडलं की आजही तिथल्या सणासमारंभांत ते मिरवतं. हेलमंड या डच गावात 1846 साली सुरू झालेली एक गिरणी अजून त्यांच्यासाठी ते छापते आहे, आणि शिरा आता हौसेनं ठेवते आहे. म्हणजे आम्ही इतके रविवार जी सही गिरवत होतो, ती जावाच्या नजरेत डागच होती. मला हे ऐकून खरं तर हलकं वाटलं. एका बेटानं नापास केलेल्याला दुसऱ्या खंडानं डोक्यावर घेतल्याचा दाखला रोज मिळत नाही.

इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोनं 2009 साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, 2 ऑक्टोबरला. तेव्हापासून तो तिथला बाटिक दिवस. आपल्याकडे त्या दिवशी पुढारी खादी घालतात, तिकडे सगळे बाटिक. सुट्टी मात्र आपल्यालाच.

आपल्याकडे हे आलं कसं, तर रवींद्रनाथ 1927 साली जावाला गेले होते, बरोबर शांतिनिकेतनच्या कलाभवनातले सुरेंद्रनाथ कर होते, आणि कलाभवनात बाटिक रुजलं. मद्रासजवळ 1966 साली के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चोळमंडल हे चित्रकारांचं गाव वसवलं, तेव्हाही चित्रांच्या भरवशावर चूल पेटेना, म्हणून ही मंडळी बाटिक करून विकायची. कच्छात मुंद्र्याचे खत्री करतात, उज्जैनजवळच्या भैरवगढला करतात. महाकालाचं दर्शन झाल्यावर बायका चादरी घेतात, त्या तिथल्याच. आमच्याकडेही एक आहे. सासूबाईंनी घेतलेली, आणि माझा कावळा पाहिल्यापासून पाहुणे आले की त्या ती मुद्दाम अंथरतात.

शेवटच्या रविवारी काकांनी आणखी एक माहिती आणली, ती मला सगळ्यांत आवडली. रंग अडवायला मेणच लागतं असं नाही. राजस्थानात 'दाबू'मध्ये चिखल, चुना आणि डिंक यांचा लगदा छापतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात आणि कापड निळीत बुडवतात. चितोडगडकडच्या आकोला गावात हे काम चालतं. आपलं अकोला वेगळं. काम झाल्यावर चिखल पाण्यानं धुतला की वाहून जातो, मेणासारखी कटकट नाही. कावळ्याचं घर पावसात वाहून गेलं म्हणून आपण लहानपणापासून त्याला हसत आलो. त्या वाहून जाण्यात किती सोय आहे, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं.

कारण बाटिकमधलं शेवटचं मेण इस्त्रीनं निघत नाही, कापड साबणाच्या पाण्यात उकळावं लागतं. मी कावळा उकळला. मेण सुटलं, पाण्यावर तरंगू लागलं. कापड काढलं आणि पातेलं गरम गरम मोरीत ओतलं. पहिल्या मिनिटाला पाणी सुरेख गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं थांबलं. दुपारी मोरी भरली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या.

प्लंबरनं पाइप उघडला. आतून एक हात लांब, वळणावर वळलेली, पिवळसर पांढरी मेणाची कांडी अखंड निघाली. त्यानं ती उजेडात धरून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ताई, वात तेवढी घालायची राहिली," म्हणाला आणि सहाशे रुपये घेतले.

कांडी सासूबाईंनी ठेवून घेतली. गोधडी शिवताना दोऱ्याला मेण चोळलं की दोरा गुंतत नाही, म्हणाल्या. त्यांना ती वर्षभर पुरेल.

तेव्हा ज्यांना बाटिक करायचं असेल त्यांनी जरूर करावं. मेण पुरेसं तापवा, फोडणीचं कढलं घेऊ नका, इस्त्री वेगळी ठेवा. आणि कापड उकळलेलं पाणी कृपा करून मोरीत ओतू नका. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी मेण वर सायीसारखं धरलेलं असतं, ते अलगद उचला. पुन्हा वापरता येतं.